स्त्री-अभ्यासाचा वर्ग आणि त्यातील ‘आम्ही’

विद्यापीठात एखादा नवा विषय दाखल होतो तेव्हा त्याचा इतिहास बहुधा ठराव, अनुदाने आणि विभागप्रमुखांची नामावली ह्यांच्या आधारे लिहिला जातो. बाकावर बसून ज्यांनी तो विषय ऐकला, वहीत उतरविला आणि घरी नेला, त्यांना त्या इतिहासात जागा मिळत नाही. रसायन किंवा भूगोल ह्यांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवणार नाही. परंतु ज्या विषयास प्रारंभी ‘स्त्री-अभ्यास’ व पुढे ‘लिंगभाव-अभ्यास’ असे नाव मिळाले, त्याच्या बाबतीत ती मोठी ठरते. कारण येथे अभ्यासाचे द्रव्य म्हणजे काही अंशी विद्यार्थी स्वतःच असतो. त्याचे घर, त्याची जात, त्याच्या आईचा दिवस आणि बहिणीचे लग्न ही सर्व ह्या विषयाच्या कक्षेत येतात. म्हणून ह्या टिपणांत आम्ही वर्गाकडे शक्यतो बाकांच्या बाजूने पाहणार आहोत.

मराठीपुरते बोलावयाचे तर ह्या वर्गाची पहिली उत्तरपत्रिका १८५५ साली लिहिली गेली असे म्हणावयास हरकत नाही. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी चालविलेल्या शाळांपैकी एकीत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन हप्त्यांत छापून आला. तिचे वय तेव्हा चौदाच्या सुमाराचे होते. त्या निबंधातील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती सरळ देवाला घालते. आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतील स्त्रियांच्या हालांचे ती वर्णन करते. जात आणि स्त्रीत्व ह्यांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येत नाही, हा जो सिद्धान्त पुढे विद्यापीठांतून मोठ्या परिश्रमाने मांडावा लागला, तो ह्या मुलीला कोणी शिकविला नव्हता. तिने तो पाहिलेल्या गोष्टींवरून लिहिला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या विधवेच्या खटल्यावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले, त्याला ते उत्तर होते. जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली खरी, पण नंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा छापले, तोपर्यंत मराठी शिक्षकांच्या किती पिढ्यांनी ताराबाईंचे नावही न घेता एकोणिसाव्या शतकाचे गद्य शिकविले असेल!

मधल्या काळात महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ उभे राहिले. १९१६ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाने देशी भाषेस शिक्षणाचे माध्यम केले, हे त्याचे मोठेपण सीमाभागात मराठी शाळा चालविणाऱ्या आमच्यासारख्यांना सांगावयास नको. परंतु त्याची मूळ कल्पना अशी होती, की स्त्रीचे जीवनकार्य पुरुषाहून निराळे असल्यामुळे तिचे शिक्षणही निराळे असावे. तिला उत्तम पत्नी व माता होता यावे. आज ही कल्पना अपुरी वाटते. तथापि ज्या काळी मुलीने शिकावे की नाही हाच वाद होता, त्या काळी ही पायरी गाळून पुढे जाता आले असते असे आम्हांस वाटत नाही. इतिहासाचा विनोद असा, की स्त्रीचे कार्य निराळे असे मानून निघालेल्या ह्याच विद्यापीठात ते निराळे कोणी ठरविले, हा प्रश्न पुढे शास्त्रीय रीतीने विचारला गेला.

त्याला निमित्त झाले एका सरकारी अहवालाचे. १९७१ साली भारत सरकारने स्त्रियांच्या दर्जाची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या अखेरीस तिचा अहवाल आला, तेव्हा स्वातंत्र्यानंतर सर्व काही ठीक चालले आहे असे समजणाऱ्या सुशिक्षितांना धक्का बसला. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ च्या शिरगणतीत ९३० वर आल्या होत्या. शाळा वाढल्या, दवाखाने वाढले आणि स्त्रिया कमी झाल्या. ह्याचा अर्थ लावण्यास जुन्या अर्थशास्त्राची व समाजशास्त्राची हत्यारे पुरत नव्हती. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई ह्यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू झाला. पहिली अखिल भारतीय परिषद १९८१ च्या एप्रिलमध्ये तेथेच भरली आणि पुढल्या वर्षी ह्या विषयाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विषयाचा उल्लेख आला, विद्यापीठ अनुदान आयोगाने केंद्रांना साहाय्य देऊ केले आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात असे केंद्र निघाले. त्यास पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव देण्यात आले.

पुण्याच्या ह्या केंद्रापाशी थोडे थांबले पाहिजे. विद्युत भागवत ह्यांनी त्याची उभारणी केली आणि पुढे शर्मिला रेगे ह्यांनी त्याला निश्चित वळण दिले. तेथे येणारे विद्यार्थी केवळ शहरातील इंग्रजी शाळांतून आलेले नव्हते. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमातील, पुष्कळदा आपल्या घरातून पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच अशी मुले-मुली त्यांत होती. ‘आम्ही स्त्रिया’ असे पुस्तकात वाचले की त्यांतील एखादीच्या मनात येई, ह्या ‘आम्ही’त माझी आई आहे काय? १९९५ साली गोपाळ गुरू ह्यांनी दलित स्त्रिया निराळे का बोलतात हे एका निबंधात मांडले; १९९८ साली रेगे ह्यांनी त्या चर्चेला पुढे नेऊन, दलित स्त्रियांच्या भूमिकेवरून पाहिले असता सबंध स्त्री-चळवळीचाच नकाशा कसा बदलतो, हे दाखविले. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांच्या १९८९ च्या पुस्तकाचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे नावच पाहावे. त्यातील ‘ही’ ह्या एका अक्षरात केवढे भांडण साठविले आहे!

ह्या ठिकाणी व्याकरणाच्या शिक्षकाला थोडे विषयांतर करू द्यावे. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटल्याबरोबर बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होते. इंग्रजीत ते झाकलेले राहते. उलट ‘आम्ही गेलो’ म्हटले की मराठीतही ते झाकले जाते. एकवचनात जो भेद क्रियापद चव्हाट्यावर आणते, तो बहुवचनात तेच पोटात घालते. प्रस्तुत लेखकही ह्या ‘आम्ही’च्या आडोशाला उभा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. स्त्री-अभ्यासाच्या वर्गात हा आडोसा टिकत नाही. तेथे विद्यार्थ्याला केव्हा ना केव्हा एकवचनात बोलावे लागते.

आमच्या शाळेतून गेलेल्या दोघा विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या विद्यापीठांत हा विषय घेतला. त्यांच्याकडून वेळोवेळी जे ऐकले ते येथे थोडक्यात नोंदवितो. मुलगी पहिल्या सहामाहीत विषय सोडून परत येण्याच्या बेतात होती, आणि कारण विषयाचे नव्हते, भाषेचे होते. वाचावयाचे लेख इंग्रजीत, तेही अशा इंग्रजीत की शब्दकोशात शब्द सापडावा पण वाक्य सापडू नये. पुढे बेबी कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ अभ्यासाला आले. इंग्रजी माध्यमातील मैत्रिणी भाषांतराशी झुंजत होत्या आणि ही मूळ पुस्तकातील एकेक शब्द त्यांना उलगडून सांगत होती. वर्गात आपल्याला काही येते असे तिला प्रथम तेव्हा वाटले. मुलाचा अनुभव निराळा. वर्गात मुलगे तीनच. पहिले काही आठवडे प्रत्येक तास म्हणजे आपल्यावरील आरोपपत्र आहे, असे त्याला वाटे. मग एकदा घरकामाच्या वेळेची नोंद ठेवण्याचे काम दिले गेले. सुट्टीत गावी येऊन त्याने आईच्या एका दिवसाची नोंद केली, ती पहाटे पाचापासून सुरू होऊन रात्री दहाला संपली. आणि शिरगणतीच्या तक्त्यात ह्याच बाईच्या नावापुढे ‘काम करीत नाही’ असे लिहिले जाते हे त्याने पाहिले. त्यानंतर वर्गाविषयीची त्याची तक्रार संपली. वडिलांचे मात्र एकच विचारणे राही, ह्या पदवीने नोकरी कोठली लागणार? तो प्रश्नही खोटा नव्हता.

एक शंका शिक्षक म्हणून आम्हांला भेडसावते. वर्गात अनुभवाला प्रमाण मानले की ज्याच्याजवळ अधिक दुःख त्याचे म्हणणे अधिक खरे, असे होण्याचा धोका असतो. ज्याने अनुभव सांगितला त्याला उलट प्रश्न विचारणे असभ्य ठरते, आणि जो गप्प राहिला त्याचे मौन वाचण्याची सवड कोणाला नसते. शर्मिला रेगे ह्यांना ही अडचण पुरती ठाऊक होती असे त्यांच्या लेखनावरून दिसते. २०१० च्या एका निबंधात जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकाचा आणि आंबेडकरांच्या शिक्षणविचाराचा आधार घेऊन त्यांनी वर्गाची निराळी कल्पना मांडली. शिक्षकाने ज्ञान वाटावे आणि विद्यार्थ्याने ते झेलावे, हे तीत बसत नाही. विद्यार्थ्याने अनुभव सांगावा आणि शिक्षकाने मान डोलवावी, हेही बसत नाही. दोघांनीही आपण कोठे उभे आहोत हे सांगून मग पुस्तकाशी वाद घालावयाचा. २००६ साली त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही ही कथने केवळ करुणेने वाचण्याला त्यांचा विरोध आहे; ती इतिहासाची साधने आहेत, असा त्यांचा आग्रह दिसतो. २०१३ च्या जुलैमध्ये, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, त्या निवर्तल्या.

मराठी साधनांचा प्रवास मोठा वाकडा झाला आहे. मुक्ताबाईचा निबंध आणि ताराबाईंचे लेखन भारतभरच्या इंग्रजी वर्गांत पोहोचले ते मुख्यतः सूझी थारू व के. ललिता ह्यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्री-लेखनाच्या दोन खंडांमुळे. १९९१ व १९९३ साली निघालेल्या ह्या खंडांच्या संपादिका हैदराबादच्या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘अन्वेषी’ संस्थेशी संबंधित. पुण्याच्या शाळेतील मुलगी हैदराबादमार्गे, इंग्रजी पोशाखात, पुन्हा मराठी विद्यार्थ्यापुढे आली. ह्यात हैदराबादकर मराठी मंडळींना अभिमान वाटावा की संकोच, हे त्यांनीच ठरवावे.

केंद्रांची स्थिती अद्यापि डळमळीतच आहे. ती पंचवार्षिक योजनांच्या अनुदानावर उभी राहिली. २०१७ साली बारावी योजना संपली तेव्हा देशभरातील अशा दीडशेहून अधिक केंद्रांचे पुढे काय, ह्याविषयी मोठी अनिश्चितता निर्माण झाली आणि अध्यापकांना व विद्यार्थ्यांना निषेध करावा लागला. कायम जागा थोड्या, मुदतीच्या नेमणुका फार. ज्या अध्यापिकेची स्वतःची नेमणूक मार्चनंतर राहील की नाही ठाऊक नाही, तिने विद्यार्थ्याला द्विभाषिक टिपणे करून द्यावीत, ही अपेक्षा तरी कशी करावी? मराठीतून हा विषय शिकविण्याजोगी पुस्तके अजून मोजकीच आहेत आणि पुण्यामुंबईबाहेर, आपल्या ह्या दूरच्या मराठी वस्त्यांत, ती हाती लागणे त्याहून कठीण. मुक्ता साळवे हिचा निबंध एका बैठकीत वाचून होण्याइतका लहान आहे. आमच्या शाळेत गतवर्षापासून तो नववीच्या अवांतर वाचनात ठेवला असून, मुली त्यातील बाळंतिणींच्या वर्णनापाशी थांबतात आणि मुलगे धर्माविषयीच्या प्रश्नापाशी, असे आमच्या मराठीच्या बाईंचे निरीक्षण आहे.