उंदीर पडला, घर सोडले

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत काढून रोगराई वेशीबाहेर हाकलणारे आपले नागपूर. २०२० साली कोरोनामुळे ती मिरवणूकच निघाली नाही! रोगाच्या बाबतीत आपले वाडवडील अडाणी होते, असे आपण सहज बोलून जातो. प्लेगचा इतिहास मात्र तसे सांगत नाही.

१८९७ साली पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे झडतीला घेतली. माजघर, देवघर काही सोडले नाही. लोक आजारी माणूस लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोकांचा राग होता तो खबरदारीवर नव्हे, जुलुमावर. कारण पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर-वऱ्हाडाकडे साथी आल्या, तेव्हा उंदीर पडला की बिऱ्हाड उचलावे आणि गावाबाहेर झोपडीत राहावे, ही रीत बायाबापड्यांनी आपणहून उचलली. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली सांगितले होते. पण विद्वानांना ते पटायला आणखी आठ-दहा वर्षे लागली.

टोचून घ्यायला मात्र पुष्कळ लोक बिचकत. तोही निव्वळ भ्रम म्हणावा काय? १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. लसीचे जनक हाफकिन यांच्यावरील ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले.