कुलुपाच्या संचापासून वडगावच्या भोंग्यापर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या घरांत पडदा आला. संच महाग, वर त्याला परवाना शुल्क, आणि कार्यक्रम संध्याकाळचे मोजके तास. लाकडी कपाटातल्या संचाला सरकत्या झडपा असत. कित्येक घरांत त्यांना कुलूप लागे आणि किल्ली वडीलधाऱ्यांकडे राही. मुलांनी किती बघायचे याचा निकाल तिथेच लागे. काय बघायचे तेही मोठेच ठरवत. ‘किलबिल’ खास मुलांचे, पण ‘छायागीत’ आणि आठवड्याचा चित्रपट शेजारपाजारची मुलेही मोठ्यांबरोबर सतरंजीवर बसून पाहत. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झाल्यावर तर रविवारची सकाळ सगळ्या घराचीच झाली.

१९९२ नंतर केबलवाहिन्यांनी वेळेचे बंधन काढून टाकले. संध्याकाळच्या मालिका मोठ्यांच्या, पण जेवणाची ताटे आणि मुलांचा गृहपाठही त्यांच्यासमोरच आला. तरीही पडदा एकच होता. तो बंद झाला की सगळ्यांचा बंद होई.

हे सूत्र मोबाइलने तोडले. २०१६ पासून डेटा स्वस्त झाला, आणि २०२०च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर भरू लागली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना, नातलगांशी क्वचित होणारा व्हिडिओ कॉल सोडता, पडदा नको. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पालकांनी स्वतःचा वापर आवरावा, हेही त्या सल्ल्यात होते. ज्या घरात आईवडिलांचा वेळ फोनवर जातो तिथे मुलांचाही अधिक जातो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे नेमके ओळखले. शाळा पुन्हा भरू लागल्यावर मुलांचे लक्ष फोनमध्येच अडकल्याचे शिक्षकांना जाणवले. २०२२च्या ऑगस्टमध्ये गावाने ठराव केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून समजूत घालत. मुलांना शिस्त लावण्याचे प्रयोग पुष्कळ झाले, पण वडगावच्या नियमाचे मोल वेगळे आहे: तो घरातल्या मोठ्यांनाही लागू आहे.