तीन मुठी कण्यांचा खुदीराम



आपल्याकडे पूर्वी मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू किंवा कचरू ठेवायचे. बंगालमध्येही अशीच एक रीत होती. मिदनापूरच्या लक्ष्मीप्रियादेवींचे दोन मुलगे गेले होते. ३ डिसेंबर १८८९ रोजी पुन्हा मुलगा झाला, तेव्हा थोरली लेक अपरूपा हिने तीन मुठी तांदळाच्या कण्या देऊन त्याला आईकडून ‘विकत’ घेतलं. कणीला बंगालीत ‘खुद’ म्हणतात, म्हणून तो खुदीराम. पुढे आईवडील लवकर गेले आणि खरोखरच त्या बहिणीनेच त्याला वाढवलं.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि हा शाळकरी मुलगा क्रांतिकारकांत ओढला गेला. किंग्जफर्ड नावाच्या न्यायाधीशाने कलकत्त्यात स्वदेशीवाल्यांना कठोर शिक्षा दिल्या होत्या, पंधरा वर्षांच्या एका मुलाला फटकेही मारवले होते. त्याला मारण्यासाठी खुदीराम आणि प्रफुल्ल चाकी बिहारमधल्या मुजफ्फरपूरला गेले. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री त्यांनी एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. पण गाडीत किंग्जफर्ड नव्हताच. श्रीमती केनेडी आणि त्यांची मुलगी होती. दोघीही त्यातच गेल्या.

प्रफुल्लने पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडली. खुदीराम रात्रभर चालत वैनी स्टेशनपर्यंत पोहोचला आणि तिथे सापडला. ११ ऑगस्ट १९०८ रोजी त्याला फाशी झाली. वय अठरा वर्षं, आठ महिने, आठ दिवस. या बॉम्बप्रकरणावर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांसाठीच टिळकांना सहा वर्षं मंडालेला पाठवलं. टिळकांनी बॉम्बची तरफदारी केली नव्हती, पण ही वेळ सरकारच्या जुलमाने आली, हे स्पष्ट सांगितलं होतं.

आपल्या शास्त्रात गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे मान्य केलं आहे. पण ठरवून केलेली, संकल्पी हिंसा त्यालाही वर्ज्य आहे. आणि त्या मायलेकी कुणाच्या विरोधक होत्या? हा प्रश्न मला सोडत नाही. तरीही खुदीरामचं धैर्य, त्याचा त्याग मी नाकारू शकत नाही.

म्हणून मुलांना ही गोष्ट सांगा, पण पूर्ण सांगा. ११ ऑगस्ट चातुर्मासात येतो. त्या दिवशी सामायिकाला बसाल तेव्हा खुदीरामसोबत त्या मायलेकींचीही आठवण काढा, आणि कण्या देऊन भाऊ घेणाऱ्या अपरूपाचीही.