वायरीतून सुटलेली गिटार

५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं आणि हे गाव नाट्यपंढरी झालं. माइक तेव्हा नव्हताच. १९०५मध्ये मिरजेत बालगंधर्व शकुंतला होऊन उभे राहिले, तेव्हाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते गळ्याच्या बळावरच. तमाशाच्या फडांत तर ढोलकी कमरेला बांधलेली, तुणतुणं हातात. नाचणारीच्या पावलाला पाऊल भिडवत ढोलकीवाला थेट पुढे यायचा.

पुढे माइक आला. आवाज मोठा झाला, पण गाणाऱ्याचे पाय स्टँडपाशी अडकले.

गणेशोत्सवात आणि यात्रांत सातारा-सांगलीकडे ऑर्केस्ट्रा गाजू लागले, त्यांतल्या इलेक्ट्रिक गिटारलाही अशीच वेसण होती. पोलादी तार हलली की पिकअपच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात क्षीण वीज उठते. ती अँपपर्यंत (अँप्लिफायरपर्यंत) न्यायची तर वायर हवी, आणि वायर लांबली की स्वरातली चमक कमी होते. धोका मात्र वेगळाच. गिटारच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गाण्याचा माइक दुसऱ्याच लाइनवर असेल आणि अर्थिंग कच्चं असेल, तर बोटं तारांवर असताना ओठ माइकला लागले की झटका बसलाच म्हणून समजा.

डिसेंबर १९७६मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेकलंडला ‘किस’ बँडचा गिटारवादक एस फ्रेली अशाच झटक्याने मरता मरता वाचला. रंगमंचाच्या जिन्याचा लोखंडी कठडा त्याच्या हाताला लागला होता. त्यानंतर या बँडने केन शेफरची वायरलेस यंत्रणा घेतली. ‘एसी/डीसी’ बँडचा गिटारवादक अँगस यंग हीच यंत्रणा लावून रंगमंचभर उधळू लागला. तिच्यातून निघणारा स्वर त्याला इतका भावला की १९८०च्या ‘बॅक इन ब्लॅक’साठी त्याने ती स्टुडिओतही वापरली. तिथे धावायला कुठे जागा होती!

यातली करामत रेडिओचीच. पट्ट्याला अडकवलेला ट्रान्समीटर गिटारचा संकेत रेडिओलहरींवर चढवतो, रिसीव्हर तो उतरवून अँपला देतो. लहरी भिंतींवर, पत्र्यावर आपटून परततात आणि कधी एकमेकींना खोडतात, म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना. एकीचा संकेत ढासळला की दुसरी सावरते. हल्लीचे अनेक डिजिटल संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथचीही तिथेच दाटी, त्यामुळे खच्चून भरलेल्या मैदानात ते अडखळू शकतात. संकेताला काही मिलिसेकंद उशीर होतो, पण तो मनावर घेऊ नये: ३ मिलिसेकंदांत आवाज हवेतून जेमतेम १ मीटर जातो, आणि अँप तर त्याहून लांबच असतो.

ढोलकीवाल्याची मोकळीक गिटारवाल्याला अशी मिळाली. मात्र गायकाचा माइक आणि अँप अजून विजेवरच आहेत. तेव्हा वायरलेस भाड्याने आणणाऱ्या यात्रा कमिट्यांनी आधी जनरेटरचं अर्थिंग तपासून घ्यावं.