झां रन्वार : चित्रपटसृष्टीतील क्षमाशील द्रष्टा

विख्यात फ्रेंच दिग्दर्शक झां रन्वार (१८९४–१९७९) हे दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार ऑग्यूस्त रन्वार यांचे पुत्र. पहिल्या महायुद्धात त्यांचा पाय जायबंदी झाला. पुढे मूकपटांच्या खर्चासाठी त्यांनी वडिलांची चित्रे विकली; ते मूकपट आज फारसे कोणी पाहत नाही. ‘ला ग्रांद इल्यूझियाँ’ (१९३७) या युद्धकैद्यांवरील चित्रपटाने मात्र त्यांना जगभर कीर्ती मिळाली.

‘ला रेग्ल द्यु जू’ (१९३९) हा त्यांचा श्रेष्ठ चित्रपट. एका हवेलीत शिकारीसाठी जमलेले उमराव आणि त्यांचे नोकरचाकर एवढाच त्याचा विषय. यात खलनायक नाही; सारेच थोडेफार दोषी आणि तरीही लोभस. बहुधा हेच पॅरिसच्या प्रेक्षकांना झोंबले. रन्वार यांनी स्वतः काटछाट केली, पण व्यर्थ. नीतिधैर्य खचविणारा म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे मूळ निगेटिव्ह बाँबहल्ल्यात नष्ट झाली. उरल्यासुरल्या तुकड्यांतून १९५९ मध्ये तो जवळजवळ पूर्ण रूपात पुन्हा जुळविण्यात आला. आज त्याची गणना सर्वश्रेष्ठ चित्रपटांत होते.

१९४० नंतर रन्वार अमेरिकेत स्थायिक झाले. रूमर गॉडन यांच्या कादंबरीवरील ‘द रिव्हर’ (१९५१) हा रंगीत चित्रपट त्यांनी बंगालमध्ये चित्रित केला. स्थळशोधाच्या भटकंतीत जाहिरातसंस्थेत नोकरी करणारे तरुण सत्यजित राय त्यांच्यासोबत होते. सुब्रत मित्र हे चित्रीकरण न्याहाळत असत. ‘पथेर पांचाली’चे छायाचित्रण पुढे त्यांनीच केले.