तलफ, तलब, टर्की

रायपूरच्या चौबे कॉलोनीत मराठी आणि हिंदी एकाच ओट्यावर बसतात. पानठेल्यावर ज्याला ‘तलब लगी है’, त्यालाच घरी आल्यावर ‘तलफ येते’. दोन्ही शब्द ओढीचे. पण सिगारेट सोडल्यावरची चिडचिड, उडालेली झोप, बद्धकोष्ठ, वाढलेली भूक, मंदावलेली नाडी हे सगळं त्यांत मावत नाही. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग पहिला आठवडा सगळ्यांत कठीण जातो आणि बहुतेक त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. इतकं ठरावीक वेळापत्रक असलेल्या आजाराला नाव मिळायला मात्र शतकं लागली.

जहांगीराने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. पण जहांगीराचा वकील खान आलम इराणच्या दरबारात गेला, तेव्हा हा माणूस तंबाखूवाचून क्षणभर राहू शकत नाही, असं शाहच्या कानावर गेलं आणि शाहने एका शेराच्या उत्तरातून त्याला मोकळीक दिली. जहांगीराने स्वतःच हा किस्सा आपल्या आठवणींत नोंदवला आहे. बंदी घालणाऱ्या दोन्ही बादशहांना माणसाची लाचारी कळत होती; फक्त ती त्यांना गमतीची वाटली.

ही गंमत पुढेही टिकली. 1942 मध्ये लेनॉक्स जॉन्स्टन या ब्रिटिश डॉक्टराने स्वतःला निकोटीनची इंजेक्शनं टोचून घेतली. सुमारे ऐंशी इंजेक्शनांनंतर त्याला सिगारेटपेक्षा सुईच बरी वाटू लागली आणि ती बंद होताच ओढ जाणवली. प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तरीही 1964 च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने धूम्रपानाला ‘सवय’च म्हटलं, व्यसन नव्हे. तंबाखू सोडल्यानंतरची लक्षणं अमेरिकी मनोविकारांच्या यादीत आली 1980 मध्ये, आणि निकोटीन व्यसन लावतं हे सर्जन जनरलच्या कार्यालयाने स्पष्ट म्हटलं 1988 मध्ये. मधल्या चोवीस वर्षांचा फायदा कोणाला झाला हे सांगायला नको. सवय असेल तर दोष ओढणाऱ्याच्या निश्चयाचा, विकणारा नामानिराळा.

मराठीत याच सुमारास एक वेगळा शब्द रुळत होता. गर्द ओढणारी मुंबईची पोरं नशा तुटल्यावरच्या यातनांना ‘टर्की’ म्हणत. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. टर्कीतल्या मुलाला खाट, औषध आणि डॉक्टर मिळू लागले. शब्दामागे सोय उभी राहिली. विडी-सिगारेटवाल्याला मात्र घरात ‘जरा मन घट्ट कर’ एवढंच मिळालं. सरकारी क्विटलाइन यायला 2016 उजाडलं, आणि तिचा नंबर पाकिटावर छापायला 2018.

हिंदी आरोग्यपत्रकं मराठीत आणताना हा प्रश्न रोज भेटतो. तिथे ‘विनिवर्तन’ असतं, कधी ‘प्रत्याहार’. पहिला शब्द मराठी वाचकाला कळत नाही. दुसरा फारच कळतो: पतंजलीच्या योगाचं पाचवं अंग! तिसऱ्या दिवशी कपाळ धरून बसलेल्या, बायकोवर खेकसणाऱ्या आजोबांना त्यांची योगात प्रगती चालली आहे असं कसं सांगायचं? मी ‘टर्की’ लिहितो. संपादक दर वेळी खोडतात; त्यांच्या मते तो गर्दुल्ल्यांचा शब्द आहे.