सर्दीनंतरचा नासाकोटरशोथ

नासाकोटरशोथ (प्रचलित नाव: सायनसायटिस किंवा सायनसचा त्रास) म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधील पोकळ्यांच्या अस्तराला येणारी दाहयुक्त सूज होय. बहुतांश वेळा हा विकार साध्या सर्दी-पडशानंतर उद्भवतो. नाक आणि नासाकोटरे यांचे अस्तर सलग असल्यामुळे दोहोंचा दाह एकत्रच होतो. म्हणून वैद्यकशास्त्रात 'नासा-नासाकोटरशोथ' ही संज्ञाही वापरली जाते. बहुसंख्य रुग्ण प्रतिजैविकांशिवाय बरे होतात. मात्र काही थोड्या रुग्णांमध्ये संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत किंवा मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे घरी थांबून वाट कधी पाहावी आणि रुग्णालय कधी गाठावे, हे ओळखणे उपचारातील महत्त्वाचा भाग ठरते.

== रचना आणि कारणे ==
नासाकोटरांच्या चार जोड्या असतात: गालांच्या हाडांतील, कपाळाच्या हाडातील, दोन्ही डोळ्यांच्या मधील आणि कवटीच्या तळाशी खोलवर असलेली. कपाळातील कोटरे जन्मतः विकसित झालेली नसतात. ती बालपणात हळूहळू वाढतात. कोटरांच्या अस्तरातून सतत चिकट स्राव पाझरतो. अस्तरावरील केसांसारखे सूक्ष्म तंतू हा स्राव अरुंद छिद्रांवाटे नाकात ढकलतात.

सर्दीच्या विषाणूंमुळे अस्तर सुजले की ही छिद्रे बुजतात, स्राव आत साचतो आणि चेहऱ्यावर दाब जाणवू लागतो. साचलेल्या स्रावात काही वेळा जिवाणूंची वाढ होते. विषाणुजन्य सर्दीनंतर असा जिवाणुसंसर्ग होण्याचे प्रमाण साधारणतः ०.५ ते २ टक्के इतकेच मानले जाते. ॲलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, नाकातील मांसल वाढ, धूम्रपान आणि चुलीचा धूर यांमुळे त्रास रेंगाळण्याची शक्यता वाढते. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाल्यास त्या बाजूच्या गालातील कोटरालाही संसर्ग होतो. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर दातांची तपासणी आवश्यक असते.

== लक्षणे आणि निदान ==
नाक चोंदणे, नाकातून किंवा घशाच्या मागून घट्ट शेंबूड येणे, गाल, कपाळ वा डोळ्यांभोवती दुखणे, वास न येणे, खोकला आणि खाली वाकल्यावर डोके जड होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जिवाणुसंसर्ग झालाच, असे नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर रंग बदलतो.

पुढीलपैकी एक स्थिती असल्यास जिवाणुजन्य नासाकोटरशोथाची शक्यता धरली जाते:
* लक्षणे १० दिवसांनंतरही मुळीच कमी न होणे;
* सुरुवातीपासून ३ ते ४ दिवस ३९ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, तसेच पुवाळ स्राव अथवा चेहऱ्याच्या तीव्र वेदना असणे;
* सर्दी ओसरू लागल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास ताप, डोकेदुखी किंवा स्राव पुन्हा वाढणे.

निदान मुख्यतः लक्षणांवरून आणि नाकाच्या तपासणीवरून केले जाते. साध्या तीव्र आजारात क्ष-किरण चित्राची गरज नसते, कारण विषाणुजन्य सर्दीतही कोटरे भरलेली दिसतात. गुंतागुंतीची शंका असल्यास किंवा शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन केला जातो. त्रास ४ आठवड्यांच्या आत बरा झाल्यास तो तीव्र, तर १२ आठवड्यांहून अधिक टिकल्यास दीर्घकालीन म्हटला जातो.

== उपचार ==
=== घरगुती आणि लक्षणानुसार उपचार ===
पहिल्या १० दिवसांत विश्रांती, पुरेसे द्रवपदार्थ आणि वेदना वा तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल इतके बहुधा पुरते. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास स्राव पातळ होऊन बाहेर पडतो. योगपरंपरेतील जलनेतीचे तत्त्वही हेच आहे. त्यासाठी सुमारे २४० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. पाणी आधी खळखळून उकळून कोमट केलेले असावे. विहीर, कूपनलिका किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात घेतल्यास नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाचा दुर्मीळ, पण बहुधा प्राणघातक संसर्ग होऊ शकतो.

वाफेने तात्पुरता आराम वाटतो. मात्र तिने आजार लवकर बरा होतो असे ठोसपणे सिद्ध झालेले नाही. गरम पाण्याचे भांडे कलंडून लहान मुले भाजण्याचा धोका असतो. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब नाक मोकळे करतात, परंतु ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. ॲलर्जी असल्यास किंवा त्रास रेंगाळल्यास मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारखे स्टेरॉइडयुक्त नाकातील फवारे दिले जातात.

=== प्रतिजैविके ===
प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. जिवाणुजन्य संसर्गाची वरील चिन्हे असल्यास डॉक्टर सामान्यतः अमोक्सिसिलिन, एकट्याने किंवा क्लॅव्ह्युलानिक आम्लासह, प्रौढांना ५ ते १० दिवस देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास पर्यायी औषध निवडले जाते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या दोन-तीन गोळ्या, किंवा मागील आजारातील उरलेले औषध यांमुळे जिवाणूंमधील औषधरोध वाढतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी औषधे घेऊ नयेत यासाठी भारत सरकारने २०१६ मध्ये पाकिटावरील उभ्या लाल रेघेबाबत जनजागृती मोहीम सुरू केली.

=== शस्त्रक्रिया ===
औषधांनी बरा न होणाऱ्या दीर्घकालीन आजारात, मांसल वाढीत किंवा बुरशीच्या संसर्गात दुर्बिणीद्वारे कोटरांची शस्त्रक्रिया केली जाते. तीत नैसर्गिक छिद्रे रुंद करून स्रावाचा मार्ग मोकळा करतात. चेहऱ्यावर छेद घ्यावा लागत नाही.

== धोक्याची चिन्हे ==
डोळ्याभोवती सूज वा लाली, डोळा पुढे येणे, दोन-दोन दिसणे किंवा दृष्टी मंदावणे, असह्य डोकेदुखी, मान आखडणे, कपाळावर फुगवटा, गुंगी किंवा झटके आल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मधुमेहाच्या रुग्णात चेहरा बधिर होणे किंवा टाळू अथवा नाकात काळा डाग दिसणे हे म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, लक्षण असू शकते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. अनियंत्रित रक्तशर्करा आणि स्टेरॉइडचा वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. त्यावरील ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा निर्माण झाला, तेव्हा मे २०२१ मध्ये विदर्भातील वर्धा येथे त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले.

== बुलढाणा जिल्ह्यातील संदर्भ ==
अमरावती विभागातील या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. कापूस आणि सोयाबीन ही येथील प्रमुख पिके आहेत. सोयाबीनच्या मळणीची धूळ, कापूस वेचणी व जिनिंगमधील तंतू आणि हिवाळ्यातील शेकोट्यांचा धूर यांमुळे नाकाच्या अस्तराचा क्षोभ होतो. परिणामी सर्दी रेंगाळू शकते. भारतासारख्या उष्ण प्रदेशांत शेतीच्या धुळीतील ॲस्परजिलस बुरशीमुळेही दीर्घकालीन नासाकोटरशोथ होतो.

प्राथमिक तपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. गंभीर रुग्णाला बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय किंवा खामगावचे सामान्य रुग्णालय येथे पाठवता येते. घाटाखालच्या पूर्व भागातील रुग्णांना २००२ मध्ये सुरू झालेले अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. बुलढाणा येथेही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

== प्रतिबंध ==
साबणाने हात धुणे, मळणी व जिनिंगच्या कामात नाक-तोंडावर मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधणे, तंबाखूचा धूर टाळणे आणि मधुमेह नियंत्रणात ठेवणे उपयुक्त ठरते. सर्दीत नाक जोराने न शिंकरता एकेक नाकपुडी हलकेच साफ करावी. वर्षातून चार किंवा अधिक वेळा तीव्र त्रास झाल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मूळ कारणाचा शोध घेणे आवश्यक असते.